लोखंडाचा कौल

लालबागच्या आमच्या खोलीत शिरलं की डाव्या हाताला फियाटचं इंजिन आहे. लोकांकडे त्या कोपऱ्यात टीव्ही असतो, नाहीतर शोकेस. आमच्याकडे इंजिन. दोन जाड फळ्यांवर उभं, आणि अंगावर माझं जुनेर. मागच्या गणपतीत जागा कमी पडली म्हणून देव त्याच्या शेजारीच बसवला, आणि इंजिन जरा बरं दिसावं म्हणून त्याला हिरवी साडी गुंडाळली. वरच्या मजल्यावरची नलू दर्शनाला आली. गणपतीला नमस्कार केला, मग इंजिनाला गौर समजून हळदकुंकू वाहिलं आणि पुढ्यात फळं ठेवून गेली. मी ती कापून खाल्ली. फळं चांगली होती.

गाडी आमच्या ह्यांची. गिरणी बंद पडल्यावर ह्यांनी ही जुनी फियाट घेतली आणि लग्नामुंजीची भाडी मारून घर चालवलं. ते गेले तशी गाडी चाळीच्या मागे उभी राहिली ती राहिलीच. वर ताडपत्री होती, पण ताडपत्री पहिल्या वर्षी ताडपत्री असते, पुढे तिची जाळी होते. पाणी आत गेलं आणि आतले चारही पिस्टन जागच्या जागी धरले. पिस्टन म्हणजे काय ते आता मला विचारा. लोखंडाच्या ठोकळ्यात चार विहिरी असतात. प्रत्येकीत एक डबा वरखाली करतो, तो पिस्टन. तो हलला तर गाडी चालते. गंजून विहिरीच्या भिंतीला चिकटला तर इंजिन म्हणजे नुसता पाटा, आणि पाट्यावर निदान वाटण तरी होतं.

माझ्या मुलाने, राजेशने, ते इंजिन गाडीतून उतरवून घरात आणलं. हापिसात खुर्चीवर बसणारा माणूस, रविवारी हात काळे करायला मिळाले की त्याला बरं वाटायचं. वरचं झाकण काढलं, खालची तेलाची परात काढली, चारही पिस्टनना जोडलेला दांडा सोडवला. पिस्टनपर्यंत आला, आणि एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता बसल्या जागी गेला. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

उरलो आम्ही दोघी. मी आणि माझी सून अक्षदा.

अक्षदाला मी ती ह्या घरात आली त्या दिवसापासून नावं ठेवत आले आहे. भाकरी जाड थापते. माशाच्या तिकल्यात कोकम जास्त टाकते. दोन वाक्यांमागे एकदा ‘ॲक्च्युली’ म्हणते. तिला नावं ठेवणं हे माझं काम आहे आणि ते मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. राजेश गेल्यावर माझ्या नणंदेने तिच्या पायगुणाचा विषय काढला होता. त्या दिवसापासून नणंद चाळीच्या दारापर्यंत येते, उंबऱ्यापर्यंत येत नाही.

बरेच दिवस अक्षदाने त्या कोपऱ्याकडे बघितलंच नाही. मग एका रविवारी ओढणी कमरेला बांधली, राजेशची हत्यारांची पेटी ओढली आणि मोबाईल समोर उभा करून बसली. मोबाईलमध्ये कोण एक गोरा आपल्या घरच्या गॅरेजात इंजिन खोलून दाखवत होता. त्याचं अर्धं तिला कळायचं नाही, तेव्हा परळचा चिंतामणी यायचा. त्याचं गॅरेज कधीच गेलं, पण सवय गेली नाही. चहा पिताना तो कोपऱ्याकडे बघून सांगायचा, मारायची घाई करू नको पोरी, आधी भिजव. आणि लोखंडाने मारू नको, पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, फुटेल. लाकूड मध्ये धर आणि लाकडावर मार.

भिजवायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी देवाला फूल वाहिलं की चारही विहिरींत थोडं थोडं तेल सोडायचं. अर्धं डिझेल, अर्धं गिअरचं तेल, कोकम सरबताच्या जुन्या बाटलीत कालवलेलं. पहिले दोन पिस्टन लवकर निघाले. तिसऱ्याने दिवाळीपर्यंत वाट बघायला लावली आणि निघाला तेव्हा असा ओरडला की नलू खाली धावत आली. चौथा मात्र हलेना. बाकीच्या विहिरींतलं तेल कडेकडेने खाली झिरपून जायचं. चौथीतलं सकाळी बघावं तर काल होतं तेवढंच, वर माझा चेहरा दिसायचा.

ह्याच सुमाराला अवधूतचं नाव घरात आलं.

तिनेच सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता, मान वर न करता. दादरच्या तिच्या हापिसात आहेत. माटुंग्याला राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात म्हातारे वडील तेवढे. त्यांनी विचारलंय.

मी विचारलं, मग?

मग काही नाही, म्हणाली. मी त्यांना थांबायला सांगितलंय. राजेशने हातात घेतलेलं एवढं एकच काम अर्धं राहिलंय. चारही पिस्टन बाहेर काढीन, ब्लॉक, म्हणजे तो ठोकळा, विहिरी आतून तासायला बोरिंगला पाठवीन आणि मग त्यांना उत्तर देईन. तोवर मी ह्या घरातून कुठे जात नाही.

आता तुम्ही मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर चौथा पिस्टन निघावा असं तुम्हाला वाटलं असतं? मला नाही वाटलं. माटुंगा काही विलायत नाही, इथून बस जाते. पण सून एकदा दुसऱ्याच्या घरी गेली की ती तिथली. मग येणार ती पाहुणी म्हणून, पर्स मांडीवर घेऊन बसणार, चहा नको म्हणणार. पिस्टन आत बसलाय तोवर ती आत आहे, एवढं मला कळत होतं. तरी तेल सोडायचं मी एक दिवस चुकवलं नाही. काम अंगावर घेतलं की नीट करायचं, मग ते आपल्यावरच का उलटेना. तेल सोडताना त्याला म्हणायचे, बस बाबा. बस निवांत.

अवधूत एकदा घरी आला. मी दारातच त्याला वरून खालपर्यंत बघून घेतला. चपला काढून नीट जोडीने भिंतीला लावणारा माणूस. अशी माणसं एकतर फार चांगली असतात नाहीतर फार वैताग आणतात. तो स्टुलावर बसला आणि इंजिनाकडे असा बघत राहिला जसं ते कोणी वडीलधारं माणूस आहे. मी सरबत करायला आत गेले, पेला घेतला, बाटली उचलली आणि अक्षदा मागून धावत आली. बाटली चुकीची होती. त्याला डिझेल पाजलं असतं तर सगळा प्रश्नच मिटला असता, असं मी बोलून दाखवलं. बाहेर त्याला ऐकू गेलं. तो हसला नाही, पण नंतर सरबताचा पेला घेतल्यावर आधी वास घेऊन बघितला आणि मगच प्यायला. तेवढ्यापुरता मला तो आवडला. जाताना म्हणाला, मला गाडीतलं काही कळत नाही, पण काही धरायला, उचलायला लागलं तर सांगा. मी म्हटलं, आमचं आम्ही उचलतो.

आणि आम्ही उचलतच होतो. अक्षदाने चौथ्यावर झाडूचा दांडा लावून मारलं, दांडा उभा चिरला. राजेशच्या जुन्या बॅटचा तुकडा लावला, त्याच्या ढलप्या उडाल्या. तिच्या तळहाताला फोड आले. मी हळद लावून दिली आणि म्हटलं, सोड, नसेल निघत. हे मी कशासाठी म्हणत होते ते तुम्हाला माहीतच आहे.

मग एका शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी बाटली घेऊन गेले, चौथ्या विहिरीत वाकून बघितलं, आणि माझा चेहरा दिसला नाही. तेल खाली गेलं होतं. सगळं नाही, बोटभर. पण ज्या तेलाने इतके दिवस जागा सोडली नव्हती ते कुठूनतरी वाट काढून उतरलं होतं. म्हणजे आत गंज सुटायला लागला होता. घरात हे फक्त मला माहीत होतं, कारण तेल मी सोडत होते. मी बाटली तिरपी केली आणि विहीर परत होती तेवढी भरली.

त्याच दिवशी दुपारी अक्षदाने परत एकदा मारून बघितलं, मग हातोडी खाली ठेवली. हात घासले, नखांतलं काळं काडीने काढलं. पाने, हातोडी, सगळं राजेशच्या जुन्या शर्टात गुंडाळलं, पेटीत ठेवलं, पेटीला कडी लावली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, आई, मी त्यांना नाही म्हणून सांगणार आहे.

मी कारण विचारलं.

“तीन निघाले आणि हाच निघत नाही. एवढं तेल, एवढे दिवस. हा कौल आहे, आई. राजेशच्या मनात नाही.”

तिचं माहेर कणकवलीकडचं. तिचे वडील घराचं कौलही कौल लावल्याशिवाय बदलायचे नाहीत. तिकडे देवाच्या पाषाणाला गुरव ओल्या कळ्या चिकटवतो आणि मग गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आम्हीही त्यातलेच, ह्या घराचं नाव घेऊन मीही किती वेळा देवळात हात जोडून कळीकडे बघत उभी राहिलेय. त्यामुळे तिला मी वेडी म्हटलं नाही. उलट मला वाटलं, चला, कौल माझ्या बाजूने लागला. मी काही केलं नाही, काही बोलले नाही, आपोआप झालं.

संध्याकाळी मी खूश होते, हे खरं आहे ते लिहिते. बांगडे तळले. तिला आवडतात तसे, रव्यात. मोठा तुकडा तिच्या ताटात वाढला. तिने तो पुरता खाल्ला, चांगले झालेत म्हणाली, उद्या कोळीवाड्यातली आली तर परत घेऊ म्हणाली. तिचा फोन डब्यांच्या फळीवर थरथरला. तिने उठून तो पालथा केला आणि भांडी घासायला घेतली.

भांडी झाली, ती खिडकीत येऊन बसली. मी देवाजवळचा दिवा सारखा करून वळले आणि थबकले. ती बसली होती एक पाय दुमडून, दुसरा गुडघा उभा, गुडघ्यावर कोपर, हनुवटी तळहातात, आणि नजर समोरच्या बंद गिरणीच्या भिंतीवर. ही माझी बसण्याची पद्धत. ही माझी खिडकी. आमचे हे गेल्यापासून मी रोज तिथे तशी बसते, आणि मला तसं बसायला माझं उभं आयुष्य लागलं. ती छत्तीस वर्षांची बाई, कालपर्यंत मांडी घालून बसत होती. तिने माझ्याकडून स्वयंपाक नीट उचलला नाही, बोलणं उचललं नाही, आणि उचलायचं ते हे उचललं.

मी म्हटलं, पाय सरळ कर.

ती म्हणाली, काय?

मी म्हटलं, पाय सरळ कर आणि नीट बस, दिवसभर राबलीस. आणि ऐक. हे ऐकताना माझ्याकडे बघ.

“कौल देवाक लावतत गो. लोखंडाक नाय लावणत. आणि कळी पडली नाय म्हणजे देव नाय म्हणालो असा होणा नाय. देव अजून बोलाक नाय, इतक्याच.”

मग तेलाचं सांगितलं. सकाळी बोटभर उतरलं होतं ते, आणि मी ते परत भरून ठेवलं ते. मला वाटलं ती विचारेल, सकाळी का नाही बोललात? तिने विचारलं नाही. उठून माझ्या पायाशी येऊन बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी म्हटलं, केसांना डिझेलचा वास येतोय, उद्या न्हा.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळीच सांगितलं, त्या माटुंगेकराला बोलाव. उचलायला येतो म्हणाला होता ना, बघूया.

तो आला तोवर मी नलूच्या मुलाकडून माळ्यावरचं मुसळ काढून घेतलं होतं. हे मुसळ माझ्या सासूचं, खैराचं, काळंभोर, हातात धरून धरून मधे बारीक झालेलं. एका टोकाला लोखंडी कडं, दुसरं टोक नुसतं लाकूड. माझ्या लग्नात ह्याला आंब्याची पानं बांधून पाच सवाशिणींनी ह्याच्याने हळद कुटली. राजेशच्या लग्नात पण ह्यानेच कुटली. तेव्हा आमचे हे गेलेले होते, म्हणून मला हात लावू दिला नाही. मुसळ माझं, घर माझं, मुलगा माझा, आणि मी भिंतीला टेकून उभी. तेव्हापासून ते माळ्यावर होतं. मी काढलं नव्हतं, कोणाला दिलंही नव्हतं.

अक्षदाने ते बघितलं आणि दोन पावलं मागे सरली. म्हणाली, आई, हे नको, हे शुभकार्याचं आहे.

“मग ह्या काय करतंव आपण?” मी म्हटलं.

लाकडी टोक चौथ्या विहिरीत सोडलं. असं बसलं जसं मापाने करून घेतलेलं. वर राहिलं लोखंडी कड्याचं टोक, ते कितीही मारलं तरी चिरणार नाही. अवधूतच्या पांढऱ्या शर्टाकडे बघून मी माझं एक जुनं पातळ त्याच्या अंगावर टाकलं, म्हटलं कमरेला गुंडाळ. त्याने न कुरकुरता गुंडाळलं आणि इंजिनाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला, हलू नये म्हणून. मुसळ मी उभं धरलं. अक्षदा हातोडी घेऊन उभी राहिली आणि पहिला घाव तिने असा जोरात घातला की माझे खांदे बधिर झाले.

मी म्हटलं, भांडायला आलीस काय? कांडायचं आहे. भात कांडतात तसं. हळू, पण थांबायचं नाही. आणि मी मुसळाबरोबर ताल धरला, तोंडाने हूं, हूं, आमच्या घरात आया धरायच्या तसा. ती त्या तालावर मारायला लागली. ठक. ठक. ठक. बाहेर गॅलरीत माणसं जमली. कोणी म्हणालं, म्हातारी इंजिनात मसाला कुटतेय. मी त्याचं नाव लक्षात ठेवलं.

घामाने तिचा चेहरा भिजला. अवधूतच्या गालाला काळं लागलं. तो एकदाही म्हणाला नाही की मी मारू का, मला द्या. हेही मी लक्षात ठेवलं. अक्षदा दमली की मी हूं म्हणायची थांबायचे, तिने श्वास घेतला की परत सुरू.

कांडताना भाताचं तूस सुटायला लागलं की आवाज बदलतो. कान असेल त्याला कळतं. ठक होता तो धप झाला. मला हातात आधी कळलं, मग कानात. मुसळ एका केसाएवढं खाली गेलं.

“हललो,” मी म्हटलं.

तिला खरं वाटेना. तिने हातोडी तशीच वर धरलेली. मी परत म्हटलं, हललो गो, मार. तिने मारलं आणि तो आणखी उतरला, आणि विहिरीतलं सगळं तेल कडेने घळघळ खाली गेलं, अवधूतच्या पातळावर, माझ्या पायांवर, लादीवर. पुढे चिंतामणीने सांगितलं होतं तसं इंजिन आडवं करून पिस्टन खालून लाकडाने वरच्या तोंडाकडे ढकलला. हळूहळू, कुरकुरत, लालसर गंज अंगाला माखून तो बाहेर आला आणि अक्षदाच्या ओंजळीत पडला. तिने तो धरला, आधी नुसता बघितला, मग ओढणीने पुसायला लागली. पुसत राहिली. रडत होती, आवाज नव्हता. अवधूत उठून उभा राहिला, माझं पातळ कमरेला, आणि त्याला कळेना की जवळ जावं की लांब राहावं. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मला काय बघतोस, पाणी दे तिला. आणि बाटली बघून घे.

तेव्हा ती रडता रडता हसली, आणि मला कळलं की उत्तर त्याला मिळालं आहे.

लग्न त्यांनी रजिस्टर केलं. पण आदल्या दिवशी हळद माझ्याच घरात कुटली, मी तसं बजावलं होतं. मुलीची हळद तिच्या आईच्या घरी होते. नलू पानं घेऊन आली, मुसळाला बांधली आणि मग हळूच मला विचारलं, सवाशिणी कोण कोण घ्यायच्या? मी म्हटलं, पहिला हात मी लावणार. बाकी कोणाला लावायचा त्यांनी लावा, नाही लावायचा त्यांनी गॅलरीत उभं राहावं. मग नलूनेच पुढे येऊन माझ्या हातावर हात ठेवला. नणंद उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. तिलाही मी आत बोलावली, हळद कुटायला हात जितके जास्त तितकं बरं.

मुसळ मी चार वेळा धुतलं होतं, राखेने, लिंबाने, शिकेकाईने. तरी हळदीला डिझेलचा वास आला. अक्षदाच्या गालाला लावली तर ती नाक वर करून म्हणाली, ॲक्च्युली आई, हे गॅरेजसारखं लागतंय. मी म्हटलं, गप, जास्त लावीन.

ब्लॉक बोरिंगला जाऊन आला. आता नवीन रिंगा, नवीन बेअरिंग, काय काय आहे. दोघं दर रविवारी माटुंग्याहून येतात. ती पर्स खुंटीला अडकवते, ओढणी कमरेला बांधते, चहा न विचारता स्वतःच ठेवते. तो आल्या आल्या दाराच्या मागचं माझं पातळ घेऊन कमरेला गुंडाळतो. भाकरी ती अजून जाडच थापते. परवा चिंतामणीला विचारलं, इंजिन सुरू व्हायला किती दिवस लागतील? तो चहा संपवून म्हणाला, मावशी, हे हौसेचं काम, वर्ष पण जाईल.

मी म्हटलं, जाऊ दे. आम्हाला कुठे घाई आहे.